कोबोलची तालीम, बेसिकची माती

कोल्हापूरच्या शाहूपुरीत मोटार वाइंडिंगच्या एका दुकानावर, दुसऱ्या मजल्याला, नवी पाटी लागली होती. 'कॉम्प्युटर शिका. कोबोल, फोर्ट्रान, बेसिक. कोणतीही एक भाषा, तीन महिन्यांत.' ही पंच्याऐंशी सालची गोष्ट. मी बी.एस्सी. होऊन चार महिने उचगावात घरी बसले होते. बसले होते असं लोक म्हणायचे. खरं तर म्हशीच्या धारेपासून रात्रीच्या भाकरीपर्यंत मी एक मिनिट बसत नव्हते. त्या दिवशी आईसाठी दोऱ्याची रिळं आणायला आले होते. पाटी वाचली आणि रिळांची पिशवी काखेत मारून सरळ जिना चढले. विचार केला नाही. विचार करून जिना चढणाऱ्या मुली वेगळ्या, त्या पुण्यात असतात.

वर एक लांबट खोली, चार बाकं, एक फळा. टेबलामागे बसलेल्या उंच, किडकिडीत माणसानं स्वतःची ओळख करून दिली, नृसिंह इनामदार. पुण्यात सहा वर्षं नोकरी करून परत कोल्हापूरला आलेला माणूस. त्यांनी एक फॉर्म पुढे सरकवला. मी नाव लिहिलं, शालन केरबा चौगले. गाव लिहिलं, शिक्षण लिहिलं. पुढचा रकाना होता 'भाषा'. मी लिहिलं 'मराठी'.

सरांनी वाचलं आणि चष्मा वर सरकवला.

"मराठी कॉम्प्युटरला अजून येत नाही," ते म्हणाले. "कोबोल, फोर्ट्रान, बेसिक, ह्यातली एक सांगा."

मागच्या बाकावरची तीन पोरं फिसकन हसली. माझ्या कानातून जाळ निघाला.

"मग शिकवा की त्याला," मी म्हणाले. "एवढा हुशार म्हणता, कोल्हापुरात राहतो, आणि मराठी येत न्हाय?"

या वेळी हसले ते सर, तेही चांगलं मोकळं. मग त्यांनी समजावलं. फोर्ट्रान इंजिनिअर लोकांची, गणितं करायची. कोबोल मोठ्या ऑफिसांची, बँका आणि कारखान्यांची. बेसिक नवशिक्यांसाठी. एका फीमध्ये एकच भाषा. तिन्हींच्या तुकड्या वेगळ्या, सोमवारी सुरू. फॉर्म शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत.

"त्यातली चांगली कुठली?"

"चांगली-वाईट असं नसतं. तुम्हाला काय करायचंय त्यावर आहे."

असल्या उत्तरांचा मला मनस्वी राग येतो. काय करायचंय हे ठाऊक असतं तर मी चार महिने भाकऱ्या कशाला थापल्या असत्या? पण दुसरा कोरा फॉर्म घेतला, घडी घालून रिळांच्या पिशवीत ठेवला आणि बसमध्ये उचगावपर्यंत दहादा पिशवीत हात घालून तो आहे का बघितलं.

आमचे आबा म्हणजे केरबा वस्ताद. गावच्या तालमीचे वस्ताद, दोन्ही कान मोडलेले, मान खांद्यात रुतलेली. मुलगा नाही, आम्ही दोघी मुली. थोरली आक्का लग्न होऊन इचलकरंजीला, धाकटी मी. आबा शिकायला कधी नाही म्हणाले नाहीत. फी भरायला तर ते एका पायावर तयार झाले. पण त्यांना गोष्ट नीट समजल्याशिवाय पुढचं पाऊल पडत नसे. ओसरीवर बसून त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे एकाच मशिनीच्या तीन भाषा," ते म्हणाले. "आन त्यातली एकच घ्याची."

"व्हय."

"मग भाषा कशाला म्हनतीस? तीन तालमी हायत म्हण की."

मी म्हणाले, "व्हय की, तसंच."

इथंच घोटाळा झाला. कारण तालीम म्हटलं की आमच्याकडे पुढचे नियम आपोआप येतात. एका तालमीची माती अंगाला लागली की लागली, माणूस दुसऱ्या तालमीत पाय ठेवत नाही. आबांच्या बरोबरीचा आकाराम विशीत एकदा शेजारच्या तालमीत जाऊन महिनाभर जोर काढून आला होता. त्याला आता नातवंडं आहेत, तरी गावात त्याची ओळख 'त्यो फुटलेला आकाराम' अशीच करून देतात. त्यामुळे शनिवारी पाचच्या आत मी त्या रकान्यात जे लिहीन, ते मरेपर्यंत माझ्या नावापुढे राहणार, अशी माझी पक्की समजूत झाली.

आबांनी रीतसर चौकशी सुरू केली. कुठल्या तालमीत पठ्ठे जास्त? कोबोलमध्ये. कुठली जुनी? फोर्ट्रान. वस्ताद कोण?

"तिन्हींचे सर एकच हायत."

आबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "तिन्ही तालमींचा वस्ताद एकच? त्यो माणूस हाय का कोन?"

दुसऱ्या दिवशी दाजी आले. आक्काचे यजमान, बाळासो, सूतगिरणीच्या ऑफिसात कामाला. त्यांनी मुंबईला एकदा काचेतून कॉम्प्युटर पाहिला होता आणि तेव्हापासून ते त्या विषयात बोलायचे म्हणजे काच पुसून बोलल्यासारखे स्वच्छ बोलायचे.

"कोबोल," दाजी म्हणाले. "दुसरं नावच काढू नका. कोबोल म्हंजे नोकरी. फोर्ट्रान इंजिनेरांचं. आन बेसिक म्हंजे निव्वळ खेळ, बारक्या पोरांचा. टीव्हीला जोडत्यात आन खेळत बसत्यात."

आबांनी मान हलवली. "पावणं म्हणत्यात ते खरं हाय. जायाचं तर मोठ्या तालमीत."

मलाही ते पटलं. खोटं कशाला बोलू? मोठी ऑफिसं, मोठी भाषा, ऐटच वेगळी. दाजींनी आपल्या पेनानं रकान्यात 'कोबोल' लिहिलं, आणि आबांनी जिभेचं टोक दातात धरून खाली पालकाची सही केली. सही करताना ते असेच दिसायचे, जणू बैल दावणीला बांधतायत.

फॉर्म शनिवारी द्यायचा होता, पण मला दम निघेना. शुक्रवारीच दुपारी क्लास बघायला गेले. जुनी कोबोलची तुकडी बसली होती. सरांनी मला मागं बसू दिलं. फळाभर इंग्रजी मजकूर, त्यात एकही गणित नाही. सगळे जण चौकटी छापलेल्या मोठ्या कागदांवर एकेका चौकटीत एकेक अक्षर भरत होते. मशीन कुठं दिसेना. शेजारी पन्हाळ्याहून रोज एसटीनं येणारा गुंडू नावाचा पोरगा होता, त्याला विचारलं.

"मशीन पुण्याला हाय," तो कुजबुजला. "आमचे कागद गुरुवारी एसटीच्या पार्सलनं जात्यात. तिथं कोन तरी मशिनीला घालतंय. पुढल्या बुधवारी उत्तर येतंय."

"काय उत्तर येतंय?"

त्यानं आपला गठ्ठा दाखवला. लांबलचक घडीचा कागद, त्यावर ओळीनं छापलेल्या चुका. एक्केचाळीस. "एक पूर्णविराम ऱ्हायलावता," तो म्हणाला. "एका टिंबापायी एक्केचाळीस. हे तिसरं पार्सल हाय माझं."

"पण तू मशीन बघितलंस का?"

"न्हाय. पण मशीन मला चांगलं वळखतंय."

मला हसू आलं, पण ते अर्ध्यावरच राहिलं. का, ते तेव्हा कळलं नाही.

तुकडी सुटल्यावर सरांनी खोलीच्या कोपऱ्यातला पडदा बाजूला केला. तिथं एक साधा काळा-पांढरा टीव्ही होता, त्याच्यापुढे टाइपरायटरच्या बटणांची एक चपटी पेटी आणि बाजूला टेपरेकॉर्डर.

"हे बेसिकचं," सर म्हणाले. "बसा."

"मी? आत्ता?"

"मग कधी?"

मी बसले. सरांनी सांगितलं तसं एकेक बटण शोधून दाबलं. प्रिंट, अवतरण चिन्ह, माझं नाव, अवतरण चिन्ह. मग उजवीकडचं मोठं बटण. आणि टीव्हीवर, ज्या टीव्हीवर तोवर मी फक्त बातम्या आणि छायागीत पाहिलं होतं, तिथं माझं नाव आलं. इंग्रजी अक्षरांत, पण माझंच. शालन. मी ओरडलेच. खालच्या वाइंडिंगवाल्यानं वर मान करून काय झालं म्हणून विचारलं, इतकी ओरडले.

पुढचा अर्धा तास कसा गेला मला सांगता येणार नाही. सरांनी मला पाच शब्द दिले. इनपुट म्हणजे विचार. प्रिंट म्हणजे सांग. इफ आणि देन म्हणजे असं झालं तर तसं कर. गोटू म्हणजे अमुक नंबरच्या ओळीवर जा. ओळींना नंबर द्यायचे, तेही दहा, वीस, तीस असे.

"एक, दोन, तीन का न्हाईत?"

"मधे काही सुचलं तर जागा नको? वीस आणि तीसच्या मधे पंचवीस घालता येते. मशीन आपोआप तिला जागेवर नेऊन बसवतं."

मी चुका केल्या तशा मशिनीनं त्या तोंडावर मारल्या, त्याच क्षणी. मी दुरुस्त केलं, त्यानं मान्य केलं. पुन्हा चूक, पुन्हा दुरुस्त. पार्सल नाही, बुधवार नाही. माझ्या अंगात वारं भरलं होतं. परतीच्या बसमध्ये मी उभीच होते, जागा रिकामी असून.

आणि उचगावच्या थांब्यावर उतरून तालमीवरून जाताना मला कळलं, ते हसू अर्ध्यावर का राहिलं होतं ते.

सहा वर्षांची असल्यापासून मी त्या तालमीच्या दारात उभी राहत आले. आबांना पाण्याचा तांब्या घेऊन जायचं निमित्त. तांब्या द्यायचा आणि उंबऱ्याबाहेर थांबायचं, आत बाईमाणसानं जायचं नाही. मी थांबायचे आणि बघायचे. पंधरा वर्षं बघितलं. पट, ढाक, एकलंगी, घिस्सा, सगळ्या डावांची नावं मला पाठ, कोण कुठं चुकला तेही कळायचं. आणि एक डाव कधी खेळले नाही. कोबोलच्या त्या बाकावर मी पुन्हा उंबऱ्याबाहेरच बसणार होते. कागद आत जाणार, कुस्ती पुण्यात होणार, आणि निकाल बुधवारी पार्सलनं येणार.

घरी गेले. आबा म्हशीला वैरण टाकत होते.

"आबा, मला बेसिक घ्याचंय."

"सही झालीया."

"खोडायची."

"येडी का काय! पावण्यास्नी काय सांगू? मोठी तालीम सोडून बारकीत घातली पोरीला? आन उद्या तुला वाटलं, चुकलं, तर परत फिरता येतंय व्हय?"

आई आतून म्हणाली, "भाषा कंची बी घे, पण हळू बोला. गल्ली गोळा होईल."

मला हळू बोलता येत नाही. आबांचीच मुलगी मी. म्हणाले, "आबा, मी लई बघितलंय. मला आता बघायचं न्हाय. मला खेळायचं हाय."

आबांच्या हातातली वैरण तशीच राहिली. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग म्हशीकडे बघितलं. मग हातातली वैरण तिच्यापुढे टाकली.

"उद्या येतो संगं," शेवटी म्हणाले. "बगतो कसली माती हाय ती. पण फारम तसाच ऱ्हाऊ दे."

शनिवारी आबांनी इस्त्रीचा सदरा आणि लाल फेटा काढला. दुसऱ्या गावचं कुस्तीचं मैदान बघायला जाताना घालायचे ते. क्लासचा लाकडी जिना त्यांच्या वजनानं असा करकरला की कोबोलची पोरं आधीच उभी राहिली. सरांनी खुर्ची दिली. आबा खुर्चीत मावेनात, म्हणून बाकावर बसले.

"मास्तर," त्यांनी एकदम मुद्द्यालाच हात घातला, "पोरगी एकदा बेसिकात गेली, की मागनं कोबोलात घेत न्हाईत न्हवं?"

"असं कोण म्हणालं?" सर चकित झाले. "एक आली की दुसरी सोपी जाते. मला स्वतःला चार येतात."

मी टाळी वाजवायचीच राहिले. दोन दिवस मानेवर बसलेलं भूत असं एका वाक्यात उतरलं. आबा मात्र सरांकडे खालून वर बघत राहिले आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "चार तालमी फिरलेला गडी हाय ह्यो. जपून."

भूत उतरलं तरी प्रश्न तसाच होता. फी एकदाच भरली जाणार होती आणि सोमवारी मी कुठल्या बाकावर बसणार ते आज ठरणार होतं. भिंतीवरच्या घड्याळात सव्वातीन वाजले होते. फॉर्म आबांच्या खिशात होता आणि त्यावर 'कोबोल' लिहिलेलं होतं.

"दाव मग तुझं बेसिक," आबा म्हणाले.

मी मशिनीपुढं बसले. रात्री झोपेपर्यंत मनात जुळवलं होतं तेच लिहायला घेतलं. दहा नंबरला प्रिंट, 'डाव कोणता?' वीसला इनपुट. तिसाला, इफ डाव पट असेल, देन प्रिंट, 'पाय मागे'. चाळिसाला, इफ ढाक असेल, देन 'कंबर खाली'. पन्नासला गोटू दहा. शब्द मराठीच, फक्त इंग्रजी अक्षरांत. अवतरण चिन्हांच्या आत मशीन कुठल्याही भाषेला नाही म्हणत नाही, हे मला कालच कळलं होतं.

पन्नासावी ओळ संपली आणि लाईट गेली.

टीव्हीवर मधोमध एक पांढरा ठिपका उरला, तोही विझला. मी बटणांवर हात ठेवून तशीच बसले. आबांनी विचारलं, "काय झालं?"

"लाईट गेली की त्याच्या डोक्यातलं सगळं जातं," सर ओशाळून म्हणाले. "टेपवर घेतलं असतं तर राहिलं असतं. माझ्या लक्षात आलं नाही."

"समदं गेलं?"

"समदं," मी म्हणाले.

आबांनी गुडघ्यावर थाप मारली. "बग! म्हणून म्हनतोय. कोबोलाचं निदान कागदावर तरी ऱ्हातंय. हितं लिवलं, तितं पुसलं. ह्याला काय अर्थ हाय?"

कोबोलची पोरं माना डोलवायला लागली. गुंडूनं आपल्या एक्केचाळीस चुकांचा गठ्ठा छातीशी धरला होता, तोसुद्धा डोलत होता. माझं डोकंच फिरलं.

"आबा," मी म्हणाले, "तुमच्या तालमीतला कुठला डाव कागदावर लिवलाय?"

आबांनी गुडघ्यावरचा हात काढून घेतला.

"एक तरी? चाळीस वर्सं शिकवताय. एक तरी वही हाय?"

"न्हाय," आबा म्हणाले.

"मग? अंगात ऱ्हातंय ते ऱ्हातंय. लाईट येऊ दे."

सव्वाचारला लाईट आली. सर सांगायला पुढं झाले, मी हातानं थांबवलं. दहा, वीस, तीस, चाळीस, पन्नास. सगळं आठवत होतं. या वेळी बोटांनाही अक्षरांच्या जागा कळायला लागल्या होत्या. पाच मिनिटांत ओळी पुन्हा उभ्या राहिल्या. रन म्हणून लिहिलं आणि मोठं बटण दाबलं. पडद्यावर प्रश्न आला, डाव कोणता?

"आबा, टाका डाव."

"म्हंजे?"

"ते विचारतंय. तुम्ही सांगा, मी लिवते."

आबांनी फेटा नीट केला. समोर पैलवान असावा तसे टीव्हीकडे रोखून बघत म्हणाले, "पट."

मी लिहिलं. मशिनीनं तत्काळ सांगितलं, पाय मागे.

"आयला," आबा म्हणाले. मग लगेच भुवई वर गेली. "एवढंच? पाय मागं घेतलं, आन मग? वरनं दाब कोन देनार, ह्याचा बा?"

कोबोलची पोरं जवळ सरकली. मी मशीन थांबवलं, तिसावी ओळ पुन्हा लिहिली, पाय मागे, वरून दाब. पुन्हा चालवलं.

"आता बराबर," आबा म्हणाले. "ढाक!"

कंबर खाली.

"शाब्बास! कंच्या बाजूनं? डावीकडनं मारली तर?"

आणि मग कुणी कुणाचं ऐकेना. आबा डाव फेकत होते, मी ओळी घालत होते, पंचेचाळीस, सत्तेचाळीस, सर मागून टेपरेकॉर्डर चालू करून सगळं टेपवर घेत होते. गोटू दहामुळं मशीन उत्तर देऊन पुन्हा पुन्हा विचारत होतं, डाव कोणता, डाव कोणता. आबा म्हणाले, "ह्याची कुस्ती सुटंना की रं! दमत न्हाय व्हय हे?" गुंडू बाकावर चढून बघत होता. त्याचं पार्सल जमिनीवर पडलं होतं आणि त्याचा त्याला पत्ता नव्हता. आपला बाप असा हसतो हे मी विसरले होते. तालमीत ते कधी हसायचे नाहीत.

"मनगट," आबा म्हणाले. "त्यानं मनगट धरलं. आता?"

मी लिहिलं. मशीन काही बोललं नाही. नुसतंच पुन्हा विचारलं, डाव कोणता?

"गप बसलं. भ्यालं काय?"

"भ्यालं न्हाय. मी शिकवलंच न्हाय त्याला."

"का?"

"मला येत न्हाय."

"तुला? तू तर लई बघितलंय म्हणत हुतीस."

"दारातनं दिसतंय तेवढंच ठावं हाय," मी म्हणाले. "मनगट सोडवायचं तुम्ही दाखवायचा तवा तुमची पाठ दाराकडं असायची. मला कवाच दिसलं न्हाय."

मी हे रागानं म्हणाले नव्हते. जे होतं ते सांगितलं. आबा टीव्हीकडे बघत होते. पडद्यावर प्रश्न तसाच होता आणि त्याच्यापुढं पांढरी खूण लुकलुकत होती.

आबा उठले. बाक पायानं मागं सारला, दुसरा बाक गुंडूनं ओढला. मधे जागा झाली. फेटा काढून त्यांनी सरांच्या हातात दिला.

"ऊठ," ते मला म्हणाले.

मी उठले. त्यांनी माझं मनगट धरलं. मी त्यांची मुलगी, पण तो हात मला ठाऊक नव्हता. हा तालमीतला हात होता, आणि त्यानं मला एक बोटभरही सवलत दिली नाही.

"सोडव."

मी ओढलं. आबा हलले नाहीत. दोन्ही पाय रोवून ओढलं, खांद्यापर्यंत कळ गेली.

"ताकद लावू नगंस. ताकद माज्याकडं जास्त हाय. बोटं बग माजी. चार एकीकडं, आंगठा एकला. एकला कोन हाय त्यो बग. तिकडनं सुट."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि मला ते पुसायला हात मोकळा नव्हता. मला इतका आनंद झाला होता की मी तो कुठं ठेवू कळत नव्हतं. मी कंबर खाली घेतली, कोपर त्यांच्या पोटाकडं नेलं आणि मनगट त्यांच्या अंगठ्याकडं फिरवलं. सुटलं नाही. पुन्हा फिरवलं.

"पाय पुढं. अजून. भिऊ नगंस, मोडत न्हाय मी."

घड्याळात पाचला दोन मिनिटं होती. सर एका हातात आबांचा फेटा आणि दुसऱ्या हातात पेन घेऊन पुढं आले. आबांच्या सदऱ्याच्या खिशातून फॉर्मचं टोक वर आलं होतं, त्याकडं बघत ते हळूच म्हणाले, "वस्ताद, वेळ होत आलीय. मग काय लिहायचं, कोबोल की बेसिक?"

आबांनी माझ्यावरची नजर काढली नाही, पकडही ढिली केली नाही.

"थांबा की मास्तर," ते म्हणाले. "दिसत न्हाय व्हय? पोरगी मातीत हाय."